आईच्या शालूची बाही

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या माझ्या नातीने परवा माझ्या आईचा शालू नेसून बघितला. म्हणाली, "आजी, हा आखूड का गं?"

वडील शिंपी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चामराजपेटेत घराच्या पुढच्या खोलीत दुकान. हात चांगला, पण जेवण झालं की पाय दारूच्या दुकानाकडे. पिऊन ते कुणाला मारायचे नाहीत. जास्त काम करायचे, आणि तेच वाईट होतं.

पलीकडच्या गल्लीतल्या कानडी बाईने मुलीच्या लग्नाच्या साडीचं ब्लाउजपीस दिलं होतं. लाल रेशीम, हिरवा काठ. लग्न दुसऱ्या दिवशी. अण्णा पिऊन आले, कापड दुमडायला विसरले आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवल्या. एक उलटी लावावी, तर रेशमाची मागची बाजू वर येणार. उरलं होतं ते चिंधीएवढं.

आईने बाह्या समोर धरल्या. "अहो, नवरीला दोन डावे हात आहेत का?"

"स्वल्प थांब, करतो काहीतरी," म्हणून अण्णा मशीनवर डोकं टेकून झोपले.

ते उठेपर्यंत आईने ट्रंकेतून आपला लग्नाचा शालू काढला होता. तोही लाल, काठ हिरवा. चांगली म्हणावी अशी तिची तेवढी एकच साडी. आतल्या टोकाचा हातभर तुकडा तिने सरळ कापून अण्णांपुढे ठेवला. अण्णा रडायला लागले.

"रडू नका, रेशमावर डाग पडतो. शिवा."

त्यांना सुईत दोरा ओवेना. मी ओवून दिला. संध्याकाळी नवरीची आई ब्लाउज बघून खूश झाली. "अण्णा, तुमच्यासारखं कुणी शिवत नाही." अण्णा जमिनीकडे बघत राहिले.

दारू सुटली नाही. पण त्यानंतर प्यायला जाताना ते कात्री माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, "मी मागितली तरी देऊ नको." कात्री धरायला घरात कुणीतरी हवं, म्हणून चौथीनंतर माझी शाळा बंद. मला कुणी विचारलं नाही. फार वाईटही वाटलं नाही. मास्तर मारायचे.

पुढे शालूच्या निऱ्या कमी पडायच्या. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "अक्का, शालू आखूड झाला?"

"मीच जाड झाले," आई म्हणायची. ती काडीसारखी होती. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या.

माझ्या लग्नातही तिने तोच नेसला. सासरकडच्या एकीने तेच विचारलं. आई तोंड उघडणार, तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले, "ती जाड नाही झाली. मी पिऊन लोकांचं कापड नासवलं, तिने स्वतःचा शालू कापून भरून दिलं."

मला वाटलं, मोडतंय लग्न.

आई अण्णांच्या जवळ गेली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "आज प्यायलेले नाहीत. खरं धरा."