पिनियनचे सहा दात

तोंड सांभाळ, असं आई मला जन्मभर सांगत आली. मी काही ते सांभाळलं नाही, आणि भोगलं दुसऱ्यानंच.

पलूसला माझा एक ट्रक आहे. दहा चाकी, जुना, कर्नाटकातल्या एका दगडखाणवाल्याकडून घेतलेला. सांगलीत हळद नाहीतर गूळ भरायचा आणि मुंबईला खाली करायचा. गाडीवर कुंडलचा एक ड्रायव्हर होता, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. बाकी सगळं ठीक होतं, पण ट्रक स्टँडवरच्या इतर गाड्या लिटरला साडेचार किलोमीटर द्यायच्या आणि माझी चारलाही टेकायची नाही. डिझेल कुठं जातंय, हे मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. ड्रायव्हर विकतोय, दुसरं काय!

तो म्हणायचा, "मालक, साठच्या स्पीडला गाडी नुसती वरडतीया, पळत न्हाई. मागच्या चाकांमधलं हाऊसिंग उघडून आतल्या पिनियनच्या चक्राचं दात मोजा एकदा. ही चढाची गाडी हाय."

"गाडीचं कशाला, तुझंच मोजतो की," मी म्हणालो. स्टँडवरची माणसं हसली. माणसं हसली की मला चेव येतो.

शेवटी मी त्याला खंडोबाच्या देवळात नेलं. आमच्याकडं पोलिसापेक्षा भंडारा मोठा. चार माणसं बसवली आणि म्हणालो, उचल भंडारा आणि सांग. त्यानं मूठभर हळद उचलली. "डिझेलचा थेंब इकला असंल तर माझं वाटुळं हुईल," एवढं बोलून कपाळाला लावली. आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिला. मी ते बघितलं आणि मनात म्हणालो, लय निगरगट्ट आहे गडी.

पुढच्याच महिन्यात त्याची सात वर्षांची पोरगी तापानं गेली. सांगलीला पोचेपर्यंतच सगळं आटोपलं होतं.

मातीला मी गेलो. त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. आणि चौथ्या दिवशी स्टँडवर चहा पिताना आठ-दहा माणसांत म्हणालो, "भंडारा खोटा उचलला की असंच हुतं." कुणी मला गप्प केलं नाही. दोघातिघांनी तर मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ते बोलणं कुंडलात त्याच्या बायकोच्या कानावर गेलं. त्यानं माझी गाडी सोडली. दुसरं कुणी त्याला स्टेअरिंगवर बसवेना, मग तो सांगलीच्या मार्केटात हळदीची पोती उचलायला लागला.

नवा ड्रायव्हर ठेवला, तरी ॲव्हरेज तेच. ह्योबी त्याच माळेचा मणी, असं मी म्हणायला लागलो होतो. तेवढ्यात मागच्या हाऊसिंगमधून ऑईल गळायला लागलं म्हणून गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं हाऊसिंग खोललं, पिनियन पुसला आणि बोटानं दात मोजले.

"सहा. खाणीचा सेट हाय ह्यो, दगूड घिऊन चढ चढायचा. तुमच्या सपाटीच्या कामाला सात पायजेत. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन उगंच जादा फिरतंय, मग डिझेल पिणारच की." आणि हात पुसत म्हणाला, "आदी कुणी बोललं न्हाई व्हय तुमाला?"

"न्हाई," मी म्हणालो.

क्राऊन-पिनियनचा अख्खा सेट बदलला. गाडी घाटात जरा दमायला लागली, पण साडेचार देऊ लागली. स्टँडवर सगळे म्हणाले, ड्रायव्हर इमानी मिळाला की फरक पडतोय बघा. नवा ड्रायव्हर खूश झाला. मीही त्याचं कौतुक केलं. लाज वाटली का? वाटली. पण लाजेनं मरण्याइतका मी भला माणूस नाही. पाच महिने गप्प बसलो.

मग एका रविवारी कुंडलला गेलो. जुना ड्रायव्हर गोठ्यात शेण काढत होता. मी सगळं सांगितलं, एका दमात. म्हणालो, "माझं चुकलं. चल, त्याच देवळात पुन्हा माणसं बसवतो आणि सगळ्यांसमोर सांगतो."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. शेणाच्या हातांनीच माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता मारतोय. मारायलाच हवं होतं.

"नका सांगू," तो म्हणाला. "घरात तर अजाबात नका. बायकू म्हणती, तुझ्या खोटेपणापायी पोरगी गेली. रोज म्हणती. मला शिव्या घालती, मग जरा गप पडती. आता मी खोटा नव्हतो म्हटल्यावर पोरगी कशानं गेली म्हणायची? ती कुणाला धरंल?"

त्यानं मला घरात नेलं. बायकोनं चहा केला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाली बघत म्हणाली, "मालक, तुमी ह्यास्नी पोलिसात दिलं न्हाई, लय उपकार झालं."

तो शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"असू द्या वैनी," मी म्हणालो, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.