एकाच डब्यातल्या पुंगळ्या

गुडवेग माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात तिचा आवाज कधी चढला नाही, पण त्या सकाळी धाकट्या भावावर, आस्गाइरवर, ती अशी ओरडली की त्याचा कुत्राही पडवीखाली शिरला.

थोड्याच वेळापूर्वी साठ पावलांवर मूस हरीण उभं होतं आणि तिच्या बंदुकीत काडतूस पुरतं शिरेना, बोल्ट मिटेना. शिकारी टोळीच्या परवान्यातलं शेवटचं हरीण जंगलात निघून गेलं.

उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी त्या बंदुकीच्या मापाने फुगते. पुन्हा दारू भरताना तिची नुसती मान साच्यात आवळली, तर ती फक्त त्याच बंदुकीत बसते. दोघांत मिळून घेतलेला साचा आस्गाइरने मान आवळणाराच निवडला होता, आणि दोघांच्या पुंगळ्या एकाच डब्यात ठेवल्या होत्या.

"पितळ जास्त टिकतं गं, ताई."

"टिकलं ना? मग हिवाळाभर पितळच शिजवून खा! सबंध पुंगळी दाबणारा साचा घे म्हणून मी घसा कोरडा केला होता."

"पुढच्या वर्षी घेऊ."

"मी उद्याच आणते. पुढच्या वर्षी तू बंदूक आणायची नाहीस. कुत्रा धरून चालायचं."

आस्गाइरने आशेने माझ्याकडे पाहिलं. टोळीची प्रमुख गुडवेगच होती. मी कॉफी प्यायलो.