आबांची पारख

माझे वडील, आबा, नव्या माणसाला त्याचं नाव नंतर विचारत. आधी त्याच्या आईचं माहेर विचारत. आमचा पोस्टमनसुद्धा त्यातून सुटला नव्हता. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे म्हणून पुण्या-मुंबईत त्यांचं मोठं नाव होतं, घाटावर स्टड फार्म होता. "आदी आवस बघूची, मगे बापूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिंगरू अधू निघालं की ते घोडी विकून टाकत.

मी तीन वर्षांची असताना फार्मवरच मला ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी पोलिओ सांगितला. आबांना मात्र आठवला माझा मामा. तो लंगडायचा, माडावरून पडला होता म्हणून! आई रडूनरडून तेच सांगत होती. "डॉक्टर माणसांचो. रक्ताचा माका कळता," असं म्हणून आबांनी आम्हा दोघींना कोकणात, आचऱ्याच्या आपल्या जुन्या घरी आणून सोडलं. विकलेल्या घोडीला निदान दुसरा तबेला तरी मिळायचा.

चतुर्थीला ते येत. हात मात्र मायेचा. माझा पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळत, शिंगरांच्या खोड्या सांगत मला हसवत. मला ते फार आवडत, आणि याचाच अजून संताप होतो. यंदा तरी 'चल' म्हणतील, म्हणून आई दरवर्षी ट्रंक भरून ठेवायची. गणपती जात, आबा जात, आणि आई लुगडी पुन्हा कपाटात लावायची.

एका चतुर्थीला ते आले ते खचूनच. एक अधू शिंगरू दिलं म्हणून विकलेल्या घोडीच्या पोटचा घोडा मुंबईची मोठी शर्यत जिंकला होता, नव्या मालकाच्या नावावर. पडवीत बसून, पंच्यात तोंड खुपसून आबा रडले.

"घोडी बरी होती गो. दोष माझ्या चाऱ्यात होतो. माझा चुकला."

आई दाराला धरून उभी होती. उभ्या संसारात तिने त्यांना तोंडावर काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "मगे माझा काय चुकला होता?"

आबांनी डोळे पुसले. तिच्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं.

"घोडीची गोष्ट येगळी," ते म्हणाले.

त्या वर्षी गणपती पोचवायलाही ते थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी निघाले. त्यांना ती घोडी परत आणायची होती.