नाकाशी धरलेली चप्पल

शेजारणीने आज भिजलेली रबरी चप्पल कठड्यावर वाळत ठेवली. तो वास आला आणि माझी मान आपोआप फिरली.

महाळुंग्याच्या शाळेत, सातवीत, मी पुन्हा एकदा बाकावर झोपले होते. बाईंनी उठवून विचारलं, "कंपनीत नाइटला पप्पा जातात का तू जातेस?" वर्ग हसला. मलाही हसू फुटलं आणि गुडघ्यांतलं बळच गेलं. मी फरशीवर पडले.

"फिट आली," कुणीतरी ओरडलं. बाईंनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी दाबली. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त तोंड हलत नव्हतं. थोड्या वेळाने उठून बसले, तर बाई म्हणाल्या, "बघा, चपलेनं नाटक उतरलं."

अजून डोकं तापतं. नार्कोलेप्सी असलेली मुलं दिवसा अशीच झोपतात, हसता हसता कोसळतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर चपलेच्या धाकानं मी हसणंच सोडून दिलं होतं.

आणि सातवीच्याच वर्षी पालकसभेत बाई आईला कौतुकानं म्हणाल्या होत्या, "सुधारली हो तुमची मुलगी."