धोंडुबाईंचं आकाशी लुगडं

उचगावच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे शिजवणारणीच्या आधी मला कळतं, अशी माझी ख्याती आहे. ती मी नाकारत नाही. उलट कुणी विसरलं असेल तर मीच आठवण करून देते. पण धोंडुबाईंबद्दल लिहायला बसलं की माझा हात जरा आखडतो, कारण त्यांच्या गोष्टीत जेवढा गाढवपणा आहे तेवढा सगळा माझा आहे.

धोंडुबाई केरबा भांदिगरे. त्यांचं घर आमच्या घराला लागून. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला जे कान असतात म्हणतात ते माझेच. माहेर गारगोटीकडचं, नवरा फाउंड्रीत. ब्याण्णव साली त्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मावशी म्हणून लागल्या. त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत मी बसायचे. एकाच केएमटीनं आम्ही जायचो आणि त्या बसमध्ये बोलायचं काम माझ्याकडे असायचं.

त्यांच्याकडे कामाची दोन लुगडी होती, एक हिरवं, एक तांबडं. नऊवारी, काष्टा असा घट्ट की चार माळ्यांचे जिने दिवसात पंधरा वेळा चढल्या तरी निरी हलायची नाही. स्ट्रेचर एकीकडून दोन वॉर्डबॉय उचलायचे आणि दुसरीकडून धोंडुबाई एकट्या. ऑपरेशनला न्यायच्या माणसाला धीर देण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. "पावणं, रडतायसा कशाला? पोट तुमचं, हात डाक्टरचा, तुमाला फकस्त झोपायचं हाय की!" माणूस घाबरायचा सोडून त्यांच्याकडे बघत बसायचा. तोवर दार आलेलं असायचं.

मी तोवर सुधारले होते. म्हणजे पंजाबी ड्रेस घालायला लागले होते. आमच्या जैनांच्या घरात पहिला पंजाबी ड्रेस माझा. तो घालून पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा आमचे हे, म्हणजे बापूसो, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पोतं कुठलं उचललंस?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. सुधारलेल्या माणसाला तेवढं करावंच लागतं.

दोन हजार तीन साली दवाखान्यात नवे व्यवस्थापक आले, पुण्याचे. आल्या आल्या त्यांनी दोन परिपत्रकं काढली. पहिलं असं, की बरीच वर्षं हंगामी असलेल्या मावश्यांपैकी चौघींना कायम करणार. दुसरं असं, की सगळ्या बायकांनी आकाशी युनिफॉर्म नेसून यायचं. मावश्यांपासून खिडकीतल्या माझ्यापर्यंत सगळ्यांना दोन-दोन साड्या मिळाल्या. सहावारी.

धोंडुबाई अकरा वर्षं हंगामी होत्या. कायम झालं की रजा लागू, फंड लागू, आणि 'उद्यापासून येऊ नका' असं कुणी म्हणू शकत नाही. हे सगळं त्यांना माझ्याहून पक्कं कळत होतं. पण सहावारी साडी हातात आली तेव्हा त्यांनी ती उलगडली, संपली तिथपर्यंत बघितली आणि विचारलं, "बाकीची कुठं हाय?"

"एवढीच असते, आक्का."

"मग काष्टा कशाचा घालू? नाडीचा?"

मी पुढे सरसावले. सहावारी नेसायला मी शिकवणार! खरं सांगायचं तर मला स्वतःला चौदा पिना लागायच्या, आणि लग्नाकार्याला गेले की तासातासानं भिंतीला पाठ लावून कुठली पिन निसटली ते चाचपावं लागायचं. पण शिकवायला कुठे स्वतःला यावं लागतं? रविवारी सकाळी धोंडुबाई आत जाऊन माझा परकर घालून आल्या, मी निऱ्या खोचल्या, चौदाच्या चौदा पिना लावल्या आणि गल्लीत चालायला सोडलं. अख्खी गल्ली उंबऱ्यावर.

चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "राजमे, पाय बांदल्यागत वाटतंय गं."

"सवय होईल."

"सवय हुईल, पर तवर पेशंट खाली पडंल की."

पाचव्या पावलाला निऱ्या पायाखाली आल्या. पडल्या नाहीत, पण सावरताना माझी एक पिन त्यांच्या कमरेत शिरली, आणि त्यांनी मला जे काही म्हटलं ते इथे छापता येणार नाही. तिथल्या तिथे त्यांनी साडी फेडली (खाली लुगडं होतंच! माझ्या परकराच्या आत नऊवारी तशीच!) आणि घडी माझ्या हातात दिली. "मी न्हाय नेसत."

इथवर ठीक होतं. बाई हट्टी होती, मार्ग निघाला असता. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मला बोलायला काहीतरी हवं होतं. मी धोंडुबाईंचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून नर्सांना म्हटलं, "आदी सायबानं सौता नेसून दावावी, मग मी बगतो!"

नर्सा अशा हसल्या की एकीच्या बशीतला चहा सांडला. असं यश मला फार दिवसांनी मिळालं होतं. म्हणून दुपारी एक्सरेवाल्यांनाही करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जिना चढून व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये पोचलं. मधला माझा आवाज वाटेत गळून पडला होता. राहिल्या होत्या नुसत्या धोंडुबाई.

शनिवारी त्यांना बोलावणं आलं. सोमवारी युनिफॉर्ममध्ये या, नाहीतर कायमच्या यादीतून नाव जाईल; आणि ते बोलणंही तुम्हाला भोवेल, असं साहेबांनी सांगितलं. घरी आल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या. मी लसूण सोलत होते. सोललेला लसूण पुन्हा सोलायला लागले.

"राजमे, मी सायबाला असं कवा म्हणलो?"

माझ्यासारखी बाई एरवी अशा वेळी दहा नावं पुढे करते. त्या दिवशी एकही सुचेना. "मी म्हटलं," मी म्हणाले. "तुमच्या आवाजात."

त्या ओरडतील म्हणून मी भिंतीकडे सरकले. ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुज्या दोन साड्यातली एक आण."

"कशाला?"

"आण म्हणतो न्हवं!"

आणली, त्यांनी माझ्या हातात दिलेल्या त्या घडीसकट. त्यांनी आपल्या दोन आणि माझी एक अशा तीन साड्या अंथरल्या. आमच्याकडे जुनी लुगडी विरली की दोहोंतले धड तुकडे जोडून एक लुगडं करतात, त्याला दंड घालणं म्हणतात. गरिबाघरची रीत, माझ्या आईनंही घातलेत, मी मात्र तो शब्द पंजाबी ड्रेसाबरोबर विसरले होते. धोंडुबाईंनी हिशेब मांडला: तीन सहावाऱ्या म्हणजे अठरा वार. अठरा वारांची दोन नऊवारी. एक साडी मधोमध फाडली आणि एकेक अर्धं दोन्ही साड्यांना जोडलं. रविवारभर दंड घालणं चाललं. एक त्यांनी घातला, एक मी. माझा इतका वाकडा आला की त्या म्हणाल्या, "ह्यो आपला काष्ट्यात जाऊ दे. तिथं कुनी बगायचं न्हाय."

सोमवारी केबिनमध्ये आम्ही दोघी गेलो. मला बोलावलं नव्हतं. पण त्या एकट्या गेल्या असत्या तर बाहेर दाराला कान लावून उभं राहण्यापेक्षा आत लाज काढून घेतलेली बरी, असं मला वाटलं.

साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. आकाशी रंग, खांद्यावर पिन, छातीवर नावाची पट्टी, आणि मागे खणखणीत काष्टा.

"हे काय आहे?"

"युनिफारम."

"हे लुगडं आहे."

"लुगडंच हाय की. तुमच्याच कापडाचं."

साहेबांनी खणातून परिपत्रक काढलं. आकाशी साडी, पदर पिन केलेला, नावाची पट्टी. दोनदा वाचलं. वार कुठेच लिहिलेले नव्हते. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि ते, मी नेसून दाखवावी म्हणालात, ते?"

मी पुढे झाले. गल्लीला पुरून उरणारा माझा आवाज त्या दिवशी उंदरासारखा झाला. "साहेब, ते त्या नाही म्हणाल्या. मी त्यांची नक्कल केली. चहाच्या वेळी. आणि एक्सरेत."

"एक्सरेतही?"

"तिथे जास्त रंगली," मी म्हणाले. देवानं मला जीभ दिली तेव्हा तिला दार द्यायचं विसरला.

धोंडुबाई मध्ये पडल्या. "सायब, मी म्हणलो न्हाय. आईशपत. पर म्हणल्याबिगर हिला तरी कसं सुचलं, काय कळंना. इचार तसा वाईट न्हाय."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षी परिपत्रकात वार लिहीन."

"लिवा की," धोंडुबाई म्हणाल्या. तोवर कायमची यादी लागलेली असणार, हे त्या मनात म्हणाल्या असणार. मी या वेळी बोलले नाही.

माझ्याकडे मात्र एकच साडी उरली. रोज धुवायची, रोज वाळवायची. बुधवारी ती वाळलीच नाही आणि मी पंजाबी ड्रेस घालून खिडकीत बसले. युनिफॉर्म न घातल्याबद्दल दवाखान्यातला पहिला मेमो मला मिळाला. नर्सांनी त्या दिवशी माझी नक्कल केली. बरी होती, पण आवाज नीट जमला नव्हता.

पंधरवड्यानं फळ्यावर यादी लागली. धोंडुबाईंना अक्षरओळख बेताची. मी धावत जाऊन बघितलं आणि ओरडले, "आक्का, तिसरं नाव तुमचं!"

त्या जागच्या हलल्या नाहीत. "तू गप. तुजं खरं किती आनि नक्कल किती, मला काय ठावं?" केसपेपरच्या रांगेत कुरुंदवाडकडचा एक म्हातारा उभा होता. त्याला त्यांनी हाक मारली. "ओ पावणं! जरा वाचून दावा की, तिसरं नाव."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, फळ्याजवळ गेला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "धोंडुबाई... केरबा... भांदिगरे. कायम."

"कायम म्हणलंय?"

"व्हय. लिवलंय की हितं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. पिन लावलेला होता, म्हणून मान खाली घालून पदरापर्यंत न्यावी लागली. मग नाक ओढून त्या माझ्याकडे वळल्या.

"आता तू वाच," म्हणाल्या. "सावकाश. माज्या आवाजात नगं, तुज्या."