दिव्यापाशी पसरलेलं पीठ

बाई गेल्या, आणि दहाव्याच्या सकाळच्या आत एकदा येऊन गेल्या.

हे मी लिहितेय. भिंगारच्या शाळेत मराठी शिकवणारी, दाराला साधं लिंबू-मिरचीही न टांगणारी मी.

कमेंटमध्ये मला विज्ञान शिकवायला येऊ नका. आज वर्ष झालं. आज फक्त ऐका.

बाई म्हणजे आमच्या मराठीच्या बाई. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी सगळी नोकरी काढली. मी मराठी घेतलं ते त्यांच्यामुळं.

त्यांना एक खोड होती. कुणी काही बोललं की त्यातला अलंकार सांगायचा. घरीसुद्धा.

त्यांचे यजमान, आमचे नाना, शेती आणि गाई बघायचे. शिक्षण सातवी. जेवायला बसले की म्हणायचे, "आज भाकरी दगड झालीया."

"रूपक," बाई वाढता वाढता म्हणायच्या. "उद्यापासून तुमची तुम्ही थापा."

"बरं, दगडासारखी झालीया."

"आता उपमा झाली. तरी थापायची तुम्हीच."

अख्खा संसार हेच चाललं. नानांना अलंकार आमच्या वर्गापेक्षा जास्त पाठ होते.

वर्गात बाई सांगायच्या, "गडी वाघासारखा म्हटलं की गडी वेगळा, वाघ वेगळा. गडी वाघच आहे म्हटलं की दोघं एक झाले. म्हणून रूपक जपून वापरा, पोरांनो."

आम्ही मान डोलवायचो. परीक्षेत दोन मार्क मिळायचे, विषय संपायचा.

आमच्याकडे माणूस जिथं गेलं तिथं दिवा ठेवतात. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्यापाशी पीठ पसरायचं, त्यावर वेताची पाटी पालथी घालायची, खोलीला बाहेरून कडी लावायची. सकाळी पिठात काय उमटलंय ते बघून माणूस कोणत्या जन्माला गेलं ते ठरवायचं. पाखरू, गाय, मुंगी, काहीही.

बाई हसायच्या या प्रकाराला. "गावात कल्पनाशक्ती कुणाला किती आहे ते त्या पिठावर कळतं," म्हणायच्या.

त्यांच्या दहाव्याला मी पहिल्या बसनं पोचले.

त्यांचा मुलगा संदीप नागापूरला कंपनीत आहे. त्यानं मला अंगणातच गाठलं. "ताई, आई गेल्यापासून नाना नुसत्या चहावर हायेत. शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. आई घरातच फिरतीय म्हणतात. डॉक्टर म्हणले, असंच चाललं तर ह्यांनाबी घालवून बसाल."

नाना त्या खोलीच्या दारातच बसले होते. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. बघवत नव्हतं.

गोठ्यात गाई हंबरत होत्या. धारेची वेळ टळून गेली होती आणि एकही गाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

नानांच्या थोरल्या बहिणीनं, आत्यांनी, कडी काढली. पाटी उचलली.



खिडकी आतून बंद होती. दिवा जळत होता. आत्या हळूच म्हणाल्या, रात्री घातलं तेवढं तेल तसंच हाय.

"पाखरू हाय," आत्या पिठाकडं बघून म्हणाल्या. "पंजा बघा की."

"उंदीर असंल, आत्या," संदीप म्हणाला. पण तो पुढं झाला नाही.

नाना जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "मनीषा, ह्यांचं ऱ्हाऊ दे. तू तिच्या हाताखाली शिकलीस. वाकून बघ आन् काय हाय ते सांग. ती आली आसंल तर मी हितनं हलायचा न्हाई. तिच्यासंगंच जाईन."

तिच्यासंगं म्हणजे कुठं, ते आम्हाला सगळ्यांना कळलं. संदीपनं माझ्याकडं बघितलं.

मी गुडघे टेकले. वाकले. पिठाला हात लावला नाही, तरी तोंडावर गारवा येत होता.

बघितलं.

उठून म्हणाले, "नाना, बाईंच्या पावलासारखं दिसतंय."

नानांनी मान वर केली.

"सारखं," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजी ती न्हाई."

"नाही, नाना. बाई नाहीत."

मग तो माणूस रडला. बाई गेल्यापासून पहिल्यांदा. संदीपच्या गळ्यात पडून, लहान पोरागत. रडणं थांबलं तेव्हा लक्षात आलं, गाई हंबरायच्या थांबल्यात.

दुपारी दहावा उरकल्यावर नाना चार घास जेवले. गोळी घेतली. आता ते नागापूरला संदीपकडं असतात, नातीला शाळेत सोडतात. परवा फोनवर माझ्याशी दुधाच्या भावावरून तासभर भांडले. फार बरं वाटलं.

नाना फेसबुकवर नाहीत म्हणून पुढचं लिहितेय. संदीप, तू वाचशील. त्यांना दाखवू नकोस.

बाई, तुम्ही वर्गाच्या दाराशी चप्पल काढून आत यायचात. मी पहिल्या बाकावर. तुमचे पाय मला रोज दिसायचे. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, त्यामुळं जोडवं कायम तिरकं.

पिठात ते बोट तसंच चढलेलं होतं. जोडव्याची खूण होती. तिरकी.

मला ते कशासारखंही दिसलं नव्हतं, बाई. ते तुमचं पाऊल होतं, आणि ते दाराकडं वळलेलं होतं. दारात नाना बसले होते.

तुम्ही त्यांना नुसतं बघायला आला होतात की न्यायला, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडसही नाही.

पण नात लहान आहे. त्यांना अजून थोडी वर्षं राहू द्या.

तुम्ही सुखानं जा, बाई. माझा नमस्कार घ्या.