पेटीवरची सावली

"गाडी हितनं हलणार न्हाई," कडूबाई म्हणाली. "हलवायचीच असंल तर आधी मला चाकाखाली घ्या."

"चाकाखाली कशाला, छपरावर बस," गहिनीनाथ म्हणाला. "पेटीतल्या कण्या तरी राखशील. काल दिवस बुडंस्तवर शिजल्या न्हाईत. चिंचेची सावली येती पेटीवर."

"आन् उनात घेतली की पोरगी शिजती. नववा लागलाय तिला, ध्यानात हाय का?"

"आबा, जाऊ द्या," मंजुळा म्हणाली. ती गाडीच्या पायरीवर पाय सोडून बसली होती आणि पदरानं वारा घेत होती. "मला भूक न्हाई लागत आताशा."

"तू गप," दोघं एकदमच म्हणाले.

गाडी म्हणजे त्यांचं घर. गहिनीनाथ सरकारी रोलरवर ड्रायव्हर होता, आणि रोलरच्या मागं लोखंडी चाकांची ही पत्र्याची खोली जोडलेली असायची. रस्ता जिकडं जाईल तिकडं घर जायचं. त्र्याहत्तरच्या वैशाखात ते जामखेडकडच्या दुष्काळी कामावर उभं होतं. फर्लांगभर पुढं माणसं खडी फोडत बसलेली. डोळ्यांना दुसरं काही दिसायचं नाही. खडी, धूळ आणि ती एक चिंच.

पेटी छपरावर होती. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरून मोडीत निघालेली ती सूर्यचूल गहिनीनाथनं हौसेनं आणली होती. आतून काळा पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. कडक ऊन असलं की चार तासांत डाळ मऊ व्हायची. त्या साली ही हौस उपयोगी पडली. गुरं छावणीत गेलेली, म्हणून शेण नाही. रस्त्याकडेच्या झाडांना सरकारी नंबर, म्हणून काटकी नाही. रॉकेल मिळालं तर मिळालं. पण पहिल्याच खड्ड्यात पेटी छपरावरून घसरली, तेव्हा गहिनीनाथनं ती रिबिटा मारून पक्की केली. रोलर चालवणाऱ्या आणि तो स्वतःच दुरुस्त करणाऱ्या माणसाला जे काही हलतं ते जागच्या जागी घट्ट करायची सवय असते. आता पेटीला ऊन द्यायचं तर सगळं घर उन्हात न्यावं लागे.

"काढा की ती खाली," कडूबाई कितीदा म्हणाली होती, आजही म्हणाली.

"रिबिटा तोडताना काच गेली तर? मग काय माझं डोसकं तापवून शिजवशील?"

"ते तापलेलंच असतंय. पण त्यात शिजत काहीच न्हाई."

एरवी या बोलण्यावर ती दोघं हसली असती.

कडूबाईची अठरा वर्षं या गाडीत गेली. लग्नानंतर वर्षातच तिची आई वारली, आणि भावजयीनं बाळंतपणाला नेलं नाही. मंजुळा इथंच झाली, कर्जतच्या रस्त्याला, रोलर बंद पडलेला असताना. कापडाचा आडोसा करून. त्या दिवशी कडूबाईनं मनाशी एक बोलून ठेवलं होतं. नेवाशाच्या सासरी मंजुळाची ओटी भरली तेव्हा विहीणबाई हसत म्हणाल्या, "सुनेचं माहेर चाकावर. बाळंतपणाला कोणत्या गावाला पाठवायची, ते तरी कळवा." कडूबाई तेव्हा भर बायकांत म्हणाली, "गाव कंचंबी असू दे. पहिलं बाळंतपण आईच्या घरी हुईल."

त्यासाठी, मंजुळाला दिवस गेल्याचं कळल्यापासून, तिनं सहा महिने मिळेल तिथून एकेक गोवरी साठवली होती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक लागतो, बाळाला धुरी लागते. खाटेखालचं ते पोतं ती कुणाला हात लावू देत नसे. भाकरीपुरत्या काटक्या मिळाल्या तर भाकरी, नाहीतर रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या कण्या, पेटीतल्या. पोतं तसंच.

शेवटी तोड निघाली. गहिनीनाथनं गाडी दोन हात पुढं ओढली. मंजुळा झोपायची ती बाजू सावलीत राहिली, पेटीची बाजू उन्हात आली. तो कामावर गेला. कडूबाईनं कण्या पाण्यात कालवून वर ठेवल्या, झाकण लावलं.

दुपारी ती पाहायला चढली तेव्हा चिंचेची एक फांदी काचेच्या एका कोपऱ्यावर आली होती. हातभर सावली. बाकी काच लखलखत होती. तिनं हिशेब केला तो कुणाही बाईनं केला असता: चार वाटे पेटी, एक वाटा सावलीत, म्हणजे एक वाटा कमी शिजेल. थोडा वेळ जास्त ठेवू. सहा महिन्यांचं पोतं त्यासाठी कशाला फोडायचं? ती खाली उतरली.

पेटीला वाटे कळत नव्हते. कोपऱ्यातून ऊब गेली ती सगळ्या पेटीतून गेली. पातेलं कोमट झालं, त्यापुढं गेलंच नाही. दिवस कलताना तिनं झाकण काढलं तेव्हा कण्या फुगलेल्या दिसल्या. मंजुळा सकाळपासून पाण्यावर होती. तिनं ताटलीत घेतल्या, मीठ टाकलं, आणि आईकडं न बघता खाल्ल्या.

"कच्च्या हायेत का गं?"

"न्हाई, बऱ्या हायेत."

दिवेलागणीला तिच्या पोटात कळ उठली. ती खाटेची कड धरून वाकली. गहिनीनाथ खडीवरून राहीबाईला घेऊन आला. ती गावाकडं सुईणपण करायची. राहीबाईनं पोट दाबून पाहिलं, हात तिथंच ठेवून पुढची कळ येऊ दिली, मग हात धुतला तो ओंजळभर पाण्यात.

"ह्या कळा न्हवंत. कच्चं धान बसलंय. ववा द्या, उतरंल."

कडूबाई ओव्याची पुडी काढायला वळली.

"पर बाई," राहीबाई पत्र्याला हात लावून म्हणाली. दिवस बुडाला होता तरी तिनं हात पटकन मागं घेतला. "हितं बाळंत करायचीया? खाली इस्तू, वर हा पत्रा. शेक कुनाला द्यायचा, तिला का दोघांस्नी? आन् न्हानीला पानी?"

राहीबाई गेली. ओवा चावून मंजुळा झोपली.

सकाळी गहिनीनाथ उठला तो धुराच्या वासानं. गाडीपाशी तीन दगडांच्या चुलीत गोवऱ्या पेटलेल्या होत्या. पोतं तोंड सोडून शेजारी पडलं होतं. कडूबाई भाकरी थापत होती, एकीवर एक ठेवत होती, फडक्यात बांधण्याइतक्या झाल्या तरी थांबत नव्हती.

"अगं, हे तर शेकाचं..." तो म्हणाला.

मंजुळा दारात येऊन उभी राहिली. "आई, तू येशील ना संगं?"

"लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पानी पीत न्हाईत," कडूबाई तव्याकडं बघत म्हणाली. "मी तिथं कशी ऱ्हाऊ?"

तिनं शेवटची भाकरी उतरवली, हात झटकले, आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज नऊच्या यष्टीनं मंजुळा नेवाशाला जाईल. बाळंतपण तिकडंच हुईल. तुमी पोचवून या. आन् जायच्या आधी गाडी उनात घ्या."